वेणूकाकींचा पालथा पेला

८ जानेवारी, बुधवार

आज ओपीडीत जागृती स्वतः एक पेशंट घेऊन आली. बायको ओपीडीच्या दारात दिसली की मी सावध होतो. ती ओळखीचं माणूस आणते, आणि ओळखीच्या पोटावर सुरी चालवताना हात नेहमीसारखा मोकळा राहत नाही.

या खेपेला तिच्या गावच्या वेणूबाई घरत. जागृतीच्या गल्लीतल्या, सख्ख्या नव्हेत, पण ती काकी म्हणते म्हणून मीही काकीच म्हणतो. आमचं लग्न यांनीच लावलं. आगरी लोकांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. गाणी म्हणत एकेक विधी पुढे नेणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, मांडव उभा राहत नाही. मी वाईकडचा, मला हे सगळं नवीन होतं. दोन हजार माणसांसमोर माइक धरून ही बाई नवरदेवाची, म्हणजे माझी, यथेच्छ खिल्ली उडवत होती ते अजून आठवतं.

तीच बाई आज दाराशी पदर घेऊन उभी. खुर्ची दिली तर बसेना. मी विचारायचं, तिने जागृतीच्या कानात सांगायचं, जागृतीने मला. शौचातून रक्त पडतं हे तिने घरी किती महिने कुणाला कळू दिलं नव्हतं, ते नात रुतिकाने पाहिलं म्हणून ती इथवर पोचली. मी केसपेपरवर लिहिलं : पेशंट स्वभावाने बुजऱ्या.

तपासलं. गाठ हाताला लागत नव्हती, दुर्बीण घातली तेव्हा दिसली. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे, गुदाशय सुरू होतो तिथे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला पाहताक्षणीच कळलं. जागृतीला गाडीत बसताना सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार

रिपोर्ट आले. कॅन्सरच. पण यकृत स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. ऑपरेशनने बरा होणारा आहे. मी हे इतक्या उत्साहाने सांगितलं की काकींचा मुलगा रूपेश माझ्याकडे बघतच राहिला. तो ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याच्या डोक्यात सगळा हिशोब लगेच झाला.

"सर, पिशवी लागेल का?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. आतड्याचा आजारी भाग कापला की दोन टोकं जोडायची. जोड जमली तर प्रश्न मिटला. जोड जमेल अशी खात्री वाटली नाही, किंवा नंतर ती सुटली, तर पोटाला भोक पाडून पिशवी लावावी लागते. पिशवी घेऊन माणसं नोकऱ्या करतात, डोंगर चढतात, मी पाहिली आहेत. ते सगळं सांगितलं.

काकी भिंतीकडे तोंड करून जागृतीला म्हणाल्या, "मे महिन्यान रुतिकाचा लगीन हाय. पोटाला पिशवी लावून मी मांडवान बसू कशी? सोवल्याचा काम हाय ता. सगल्या गावच्या पोरींची लग्ना मी लावली, आनि माजे नातीला दुसरी धवलारीन आनू?"

मी म्हणालो, यात विटाळ कसला, काकी. त्यांनी मान हलवली, पण ती मान जावयाचं बोलणं खाली पडू नये म्हणून हलवलेली होती. डॉक्टर असून माझ्या लक्षात आलं, कौतुक आहे.

म्हणजे सगळं त्या जोडीवर आलं. जोड टिकली तर काकी मांडवात.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज जयप्रकाश सरांसमोर काकींना आमच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. सर माझे वरिष्ठ. मला हे काम हाताला धरून त्यांनी शिकवलं.

प्रकरण असं आहे. आतड्याच्या या भागाला एकच मोठी धमनी रक्त पुरवते. गाठ काढताना ती बांधून कापावी लागते. कुठे बांधायची, यावर सर्जन लोक कित्येक वर्षं भांडतायत. सर मुळाशी बांधतात, जिथून ती निघते तिथे. म्हणजे मुळाजवळच्या लसीकेच्या बारीक गाठी, ज्यांतून कॅन्सर पसरू शकतो, त्या एकदम बाहेर येतात. मी खाली बांधतो, पहिली फांदी फुटून गेल्यावर. म्हणजे ती फांदी जिवंत राहते, जोडीला भरपूर रक्त मिळतं. मुळाजवळच्या गाठी मग वेगळ्या वेचाव्या लागतात, वेळखाऊ काम, पण मला त्यात मजा येते. सर मला कोळीण म्हणतात, एकेक काटा काढत बसतो म्हणून.

दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायला अभ्यास चालू आहे. जो पेशंट राजी होईल, त्याची धमनी वर बांधायची की खाली, हे आम्ही नाही, कॉम्प्युटर ठरवतो. राजी नसेल तर नाही म्हणायची मुभा आहे, त्यावर कुणी रागवत नाही.

मला वाटलं होतं रूपेश नाही म्हणेल आणि मी गुपचूप खाली बांधेन. पण काकींनी जागृतीला विचारलं, "मंजे दगटरला पन ठावं नाय कंचा बरा?"

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नाही ठाऊक, आई."

"मंग कौल लावतान तसा." गावदेवीसमोर फूल ठेवून कौल लावतात, त्याबद्दल त्या बोलत होत्या. "कौल लावला तं लावला. मंग आपल्या मनासारका नाय पडला म्हनून फिरवाचा नाय. सही कुटं कराची?"

२१ जानेवारी, मंगळवार

कौल पडला. वर.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. इतके पेशंट झाले, वर आलं तर वर, खाली आलं तर खाली, मी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. आज तीनदा पाहिलं. मुळाशी बांधलं की जोडीला येणारं रक्त लांबचा वळसा घालून येतं. काकींचं वय, त्यात बीपी. त्या वळशात रक्त कमी पडलं तर जोड सुटेल. जोड सुटली तर पिशवी, आणि पिशवी तर मांडव नाही. माझ्या हातून.

सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, काकींना अभ्यासातून काढूया, मी खाली बांधतो.

"का?"

"सर, माझी खात्री आहे, खाली बांधलेलं बरं."

"मला तीस वर्षं वर बांधायची खात्री आहे. इतक्या खात्र्या असताना आपण अभ्यास कशाला करतोय रे, पिसाळ? टाइमपास?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "उद्या पोट उघड. बांध. रक्त बघ. नाही दिसलं तर तिथेच बदल, तो तुझा अधिकार. आत न बघता आज बदललंस तर तो तुझा हट्ट. आणि तुझी बायको बघतेय म्हणून बदललंस तर उद्या मी करतो, तू घरी बस."

शेवटचं वाक्य लागलं. कारण खरं होतं.

घरी जागृतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काकीने सांगितलं ना, फिरवायचा नाही."

२२ जानेवारी, बुधवार

जमलं! जमलं, जमलं, जमलं.

क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच कळणार नाही. सर मदतीला उभे. धमनी मुळाशी सापडली, साफ केली, क्लिप लावल्या, कापली. माझ्या हाताला घाम नव्हता, हे सरांनी नंतर सांगितलं. मग शिरेतून हिरवं औषध दिलं. खास कॅमेऱ्यात जिथे रक्त पोचतं तेवढंच आतडं हिरवं चमकतं.

चमकलं. वरून खाली हिरवं येत गेलं, येत गेलं, आणि मी जिथे जोडायचं ठरवलं होतं त्याच्या दोन बोटं अलीकडे थांबलं. पुढे काळोख.

माझ्या मनात आलं, बघा, सांगत होतो. इतक्या वाईट वेळी इतका वाईट आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. सर म्हणाले, "दोन बोटं अजून काप."

"मग पुरणार नाही सर. ताण येईल."

"वरून सोडव. पुरेल."

डाव्या बरगडीखाली, प्लीहेच्या कुशीत आतडं जिथे वळतं तिथपर्यंत जाऊन मी ते मोकळं केलं. चिकट जागा. प्लीहेला धक्का लागला तर रक्ताचं थारोळं. काटा काढत बसणाऱ्या कोळणीचं काम, सरांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. आतडं सुटलं आणि आपल्या पायाने चालत आल्यासारखं खाली उतरलं. पुन्हा औषध, पुन्हा कॅमेरा. शेवटच्या कडेपर्यंत हिरवं. जोडलं. पाण्यात बुडवून आतून हवा भरली, एक बुडबुडा नाही. पिशवी नाही!

सर हातमोजे काढताना म्हणाले, "वरही बरं असतं कधी कधी." आणि उद्याच्या दिल्लीच्या कॉन्फरन्ससाठी बॅग भरायला गेले.

बाहेर रूपेशने माझे हात धरले. जागृतीने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. सिक्युरिटीवाला बघत होता, बघू दे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता फक्त एक गोष्ट हवी. लोकांना वाटतं सर्जनचं कौशल्य हातात असतं, पण एवढं सगळं केल्यावर त्याची अब्रू शेवटी एका पादावर येऊन ठेपते. आतडं जागं झालं की वारा सरतो. तो सरेपर्यंत मी नुसते पाण्याचे घोट देतो. हल्ली लवकर खायला देतात, सर तर दुसऱ्या दिवशी पेज देतात, पण मी या बाबतीत भित्रा. आणि हा प्रश्न मी कुणावर सोपवत नाही, राउंडला स्वतः विचारतो, मोठ्याने, म्हणजे गैरसमज नको.

"काकी, गॅस पास झाला?"

काकींनी पदर तोंडावर ओढला. मान नाही म्हणून हलवली.

"थोडासुद्धा नाही?"

पुन्हा नाही. रुतिका बाजूला बसली होती, ती फिस्सकन हसली. आजीच्या जिवावर बेतलंय आणि ही मोबाइलमध्ये काहीतरी बघून हसते. आजकालची पोरं.

२५ जानेवारी, शनिवार

अजून नाही. संध्याकाळी पुन्हा गेलो, बरोबर दोन ज्युनिअर, सिस्टर, फिजिओवाली. "काकी, लाजू नका, वारा सरला का?" नाही. सिस्टरला वेगळं विचारायला लावलं, तिलाही नाही.

नाडी बरोबर, ताप नाही, पोट मऊ. पण हे सगळं फसवं असू शकतं. जोड सुटण्याआधी पेशंट छान दिसतो, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. काकी रूपेशकडे सुकटीची चटणी मागत होत्या म्हणे. खोटी भूक असणार.

जागृती ऑफिसच्या कामाला पुण्यात. फोनवर म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय. म्हटलं, काही नाही.

२६ जानेवारी, रविवार

नाही. नाही. नाही.

सीटी केला. रेडिओलॉजिस्ट म्हणतो, जोड उत्तम, कुठे गळती नाही, आणि गुदाशयात हवा दिसतेय. ती हवा आम्हीच जोड तपासताना भरलेली असणार, दुसरं काय. रिपोर्ट चांगला आहे हे वाचून माझं समाधान होत नाही. दोन बोटं आठवतात. काळोख आठवतो. मी हट्ट करायला हवा होता का? कौल माणसाने फिरवायचा नसतो हे काकी म्हणाल्या, पण काकी सर्जन नाहीत.

सरांना दिल्लीला फोन लावला, ते व्यासपीठावर होते. काकींना अजून पाण्यावर ठेवलंय. काकी पदराआडून माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच आजारी आहे.

गावातून बायका येऊन गेल्या. वॉर्डबॉय सांगत होता, मी गेलो की आत हसण्याचा आवाज येतो. मला ते अभद्र वाटलं.

२७ जानेवारी, सोमवार

कुठून सुरू करू?

जागृती पुण्याहून थेट हॉस्पिटलला आली. मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठून सगळं सांगितलं : गॅस नाही, उद्या पुन्हा पोट उघडून बघावं लागेल, कदाचित पिशवी, मी चुकलो. माझे डोळे भरून आले होते, लिहायला लाज कसली. ती म्हणाली, थांब जरा, आणि एकटीच आत गेली.

बाहेर आली ती भिंतीला धरून. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि रडतही होती.

"अरे वेड्या, शुक्रवारी पहाटेच झालंय सगळं! काल तर संडासलाही जाऊन आली. रुतिका धरून घेऊन गेली."

"मग मला 'नाही' असं का म्हणाल्या?"

"तुला सांगेल? तू गावचा जावई आहेस! पदर घेतल्याशिवाय ती तुझ्यासमोर उभी राहत नाही, तुझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही, तुझ्याशी आजवर एक शब्द सरळ बोललेली नाही. आणि तू पाच माणसं घेऊन जातोस आणि विचारतोस, काकी पादलात का?"

"सिस्टरला तरी..."

"सिस्टर कुणाला सांगणार? तुलाच ना."

मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. इतकं हलकं मला एमएस पास झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. गुदाशयातली हवा! रिपोर्टमध्ये लिहिलेली! आणि इतके महिने रक्त का लपवलं गेलं, कानात कुजबुज का होती, सगळं एका दमात लक्षात आलं. मी लिहिलं होतं, बुजऱ्या. दोन हजार माणसांना नाचवणारी बाई बुजरी!

जागृतीने आत जाऊन तह केला. काकींनी काही बोलायचं नाही. पोटाचं सगळं ठीक असेल तर सकाळी टेबलावरचा पाण्याचा पेला पालथा घालून ठेवायचा. मी आत गेलो, काकी भिंतीकडे बघत होत्या. स्टीलचा पेला पालथा होता. मी पेल्याला उद्देशून म्हणालो, "पेज द्या यांना."

४ फेब्रुवारी, मंगळवार

काढलेल्या भागाचा रिपोर्ट. मुळाजवळच्या सगळ्या गाठी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. केमोची गरज नाही. सर दिल्लीहून आल्यावर त्यांना पेल्याची गोष्ट सांगितली होती, ते आजही मला बघून हसत सुटतात.

काकी घरी गेल्या. जाताना रुतिकाने माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. सुकटीची चटणी.

११ मार्च, मंगळवार

आज एका पेशंटने विचारलं, वर बांधलेलं बरं की खाली? पूर्वी मी "ठाऊक नाही" म्हणायचो आणि माझा चेहरा "खाली" म्हणायचा. आज ठाऊक नाही म्हणालो आणि चेहऱ्यानेही तेच म्हटलं असावं, कारण बाईंनी सही केली. अभ्यासाचा निकाल यायला अजून बराच अवकाश आहे. येईल तो येईल. एका काकींवरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला बजावतो, आणि तरी शिट्टी वाजवत घरी येतो.

काकी तपासणीला आल्या होत्या. कापडी पिशवीतून घरचा पेला काढून टेबलावर पालथा ठेवला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

१ मे, गुरुवार

रुतिकाची हळद. आत्ताच आलो, अंगभर पिवळा.

मांडव एवढा मोठा की दुसरं टोक दिसेना. मधोमध काकी, हिरवी साडी, हातात माइक. थोड्या बारीक झाल्यात. पहिला सूर लावला तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे बघत होतो, ही आमच्या धंद्याची खोड. सूर लांबला, खूप लांबला, कुठे अडखळला नाही. रूपेश माझ्या शेजारी होता, त्याने चष्मा काढला.

मग थट्टेची गाणी सुरू झाली. विहिणीला, व्याह्याला, करवल्यांना, कुणाला सोडलं नाही. हळदीच्या गाण्यात काहीही म्हणायची मुभा असते, हे मला आमच्या लग्नापासून माहीत आहे. मी खुर्चीत सरकून बसलो. तेवढ्यात काकींनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. सरळ डोळ्यांत. आजवर पहिल्यांदा. आणि लाउडस्पीकरवरून आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात गायल्या :

"दगटर जावंय गो, रोज पारी दारान आयला,
वारा सरला कं माये, सगल्यांपुढं इचारू लागला!
लाजंची गोठ गो, कशी सांगू मी जावयाला,
पालथा घातला पेला, मंग कललां त्याला!"

मांडव कोसळेल असं हसले लोक. बायकांनी ती ओळ उचलली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जागृती माझ्या खांद्यावर पडून हसत होती. सर पाहुण्यांत होते, ते तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी हसत होतो, आणि मध्येच केव्हातरी डोळे पुसत होतो.

तशात काकी माइक रुतिकाच्या हातात देऊन उठल्या. हळदीचा हात घेऊन दोन हजार माणसांतून चालत माझ्यापर्यंत आल्या. पदर डोक्यावर होताच, पण तोंड उघडं होतं. माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाल्या,

"आजपन सरला, जावंयबापू."